कॅनडाचे स्वतंत्र रूट्स आणि कंट्री गायक : नवे अल्बम, ऐकलेले आणि विकत घेतलेले

जोंधळा (लेथब्रिज, अल्बर्टा)

नमस्कार मंडळी,

हा धागा बरेच दिवस काढायचा होता. गेली अकरा वर्षं मी दक्षिण अल्बर्टात आहे. काम पाटबंधाऱ्याचं, त्यामुळे दिवसातले तीन-चार तास गाडीतच जातात. हायवे ३ धरून पश्चिमेला निघालं की क्रोझनेस्ट खिंड आणि रॉकी पर्वत लागतात. पूर्वेला टेबर, बो आयलंड, मेडिसिन हॅट. मधे गहू, कॅनोला, साखरेचं बीट आणि वारा. या रस्त्यावर मला सीकेयूए लावायची सवय लागली. एडमंटनचं हे रेडिओ केंद्र १९२७ पासून चालू आहे आणि आज श्रोत्यांच्या देणग्यांवर उभं आहे. १९९७ मध्ये ते बंद पडलं, तेव्हा श्रोत्यांनी उचलून धरलं म्हणून पाच आठवड्यांत पुन्हा सुरू झालं. मोठ्या कंट्री स्टेशनांवर क्वचित लागतात अशी गाणी मला तिथे भेटली. गेल्या दोन-तीन वर्षांत त्यातले जे अल्बम माझ्याकडे मुक्कामाला आले, त्यांच्याबद्दल लिहितो.

पहिला कॉर्ब लंडचा 'एल व्हिएहो', फेब्रुवारी २०२४ चा. कॉर्ब आमच्याच गावात राहतो. घराणं गुरं पाळणारं, रोडिओत (उधळत्या घोड्या-बैलांवर बसायच्या स्पर्धांत) उतरणारं. तरुणपणी मात्र तो एडमंटनच्या 'द स्मॉल्स' या कर्कश रॉक बँडमध्ये बास वाजवायचा. हा अल्बम त्याने स्टुडिओत केलेलाच नाही. लेथब्रिजच्या घरात 'हर्टिन अल्बर्टन्स' या आपल्या साथीदारांना बसवलं आणि रेकॉर्ड केला. विजेवर चालणारं एकही वाद्य नाही. गाण्यांत पत्ते खेळणारे, पैज हरलेले, मार खाऊन उठलेले लोक आहेत. मी हेडफोन लावून ऐकतो तेव्हा वाद्यांमधली मोकळी जागा ऐकू येते, आणि माझ्यासाठी अर्धी मजा त्या जागेत आहे.

शीर्षकगीत इयन टायसनवर आहे. टायसन २९ डिसेंबर २०२२ ला ८९व्या वर्षी लाँगव्ह्यूजवळच्या आपल्या रँचवर गेला. साठच्या दशकात सिल्व्हिया या गायिकेबरोबर तो लोकगायक म्हणून प्रसिद्ध झाला, पुढे अल्बर्टात येऊन घोडे आणि गुरं सांभाळू लागला, आणि १९८०च्या दशकात त्याने याच कामावर गाणी लिहिली. 'एल व्हिएहो' म्हणजे स्पॅनिशमध्ये 'म्हातारा'. तालमीतली पोरं वस्तादांच्या माघारी ज्या मायेने 'म्हातारा' म्हणतात, तोच सूर या गाण्यात आहे.

दुसरा कोल्टर वॉलचा 'लिटल साँग्ज', जुलै २०२३ चा. कोल्टर सस्कॅचेवानमधल्या स्विफ्ट करंटचा, जन्म १९९५ चा. आवाज मात्र सत्तरीतल्या माणसाचा, विहिरीतून आल्यासारखा. दहा गाण्यांपैकी आठ त्याची स्वतःची. उरलेल्या दोनांतलं एक टायसनचंच. हा गडी स्वतः गुरं पाळतो, त्यामुळे त्याच्या गाण्यातलं काम हे खरोखर केलेलं काम वाटतं. थंडीत गुरांना चारा घालणं, दिवसभरात एकाही माणसाशी बोलणं न होणं. इथल्या जानेवारीत हे ऐकून बघा.

तिसरी नोलीन हॉफमन. ती बो आयलंडची, माझ्या कामाच्या रस्त्यावरच्या गावची. 'पर्पल गॅस' हा तिचा पहिलाच ईपी (म्हणजे छोटा अल्बम) ऑक्टोबर २०२४ मध्ये आला. प्रेअरीवर, म्हणजे इथल्या सपाट गवताळ मुलखात, शेतकऱ्यांना करमाफीचं इंधन मिळतं. ते ओळखू यावं म्हणून त्यात रंग घालतात. रस्त्यावरच्या साध्या गाडीत ते सापडलं तर दंड. त्या रंगीत पेट्रोलला इथली माणसं 'पर्पल गॅस' म्हणतात. नोलीनने हे गाणं लिहिलं, तेव्हा ती मॅनिटोबात एका रँचवर कामाला होती. वायोमिंगच्या 'वेस्टर्न एएफ' या व्हिडिओ चॅनेलने ते चित्रित केलं, झॅक ब्रायन या अमेरिकन स्टार गायकाच्या कानावर गेलं, आणि जुलै २०२४ मध्ये त्याने तिला बरोबर घेऊन ते आपल्या अल्बममध्ये घातलं.

या तिघांत मला जे मोलाचं वाटतं ते असं : ही गाणी आपल्या गावाचा अर्थ परक्याला समजावत बसत नाहीत. नोलीन 'पर्पल गॅस' म्हणते आणि पुढे जाते. ज्याला माहीत आहे त्याच्या छातीत धस्स होतं. ज्याला माहीत नाही त्याने चौकशी करावी.

तुम्ही काय ऐकताय? भर घाला.

---

एकतारी (पुणे)

जोंधळा, वाचनखूण साठवली आहे. 'लिटल साँग्ज' लगेच ऐकायला घेतला.

दोन प्रश्न. रूट्स आणि कंट्री यांत नेमका फरक काय? आणि इथून विकत कसं घ्यायचं? माझ्याकडे सगळं स्ट्रीमिंगवरच आहे. त्यातून त्या लोकांना काही मिळत असेल असं वाटत नाही.

---

जोंधळा

एकतारी, रूट्स ही मोठी छत्री. लोकगीतं, ब्लूज, ब्लूग्रास, जुनी कंट्री, गॉस्पेल, पूर्व किनाऱ्यावरची फिडल (व्हायोलिन), सगळं तिच्याखाली येतं. कंट्री हा त्यातला एक मोठा पाट, पण बाजारात तो वेगळाच वाहू लागला. रेडिओवरच्या झगमगीत कंट्रीपासून स्वतःला वेगळं सांगायचं असलं की गायक 'रूट्स' म्हणतात.

खरेदीसाठी बँडकॅम्प ही वेबसाइट. भारतातून कार्डाने पैसे भरता येतात, हव्या त्या दर्जाची फाइल उतरवून घेता येते. डिजिटल विक्रीवर ते साधारण १५ टक्के ठेवतात, बाकी गायकाकडे किंवा त्याच्या लेबलकडे (रेकॉर्ड कंपनीकडे). मार्च २०२० मध्ये कोविडने सगळे कार्यक्रम बंद पडले, तेव्हा त्यांनी ठरावीक शुक्रवारी आपला वाटा सोडायला सुरुवात केली. तो 'बँडकॅम्प फ्रायडे' अजून अधूनमधून असतो. तो दिवस बघून घ्या.

स्ट्रीमिंगचं तुम्ही म्हणता ते खरं आहे. २०२४ पासून स्पॉटिफायवर एखादं गाणं वर्षभरात १,००० वेळा वाजलं नाही, तर त्या रेकॉर्डिंगचे पैसेच मिळत नाहीत. सस्कॅचेवानच्या एखाद्या खेड्यातल्या पोराच्या पहिल्या अल्बममधली किती गाणी तिथवर पोचणार?

---

अनवट (टोरांटो)

धागा छान आहे, पण शीर्षकाबद्दल माझं स्पष्ट मत मांडतो. कोल्टर वॉलच्या अल्बमवर ला होंडाबरोबर आरसीएचं नाव आहे. आरसीए म्हणजे सोनी. कॉर्ब लंड न्यू वेस्टवर आहे, तेही अमेरिकेतलं लेबल. नोलीनला ओळख मिळाली ती एका अमेरिकन स्टारमुळे. तिघेही गुणी आहेत, याबद्दल वाद नाही. पण 'स्वतंत्र' हा शब्द सैल वापरला, की जे खरोखर स्वतःच्या खिशातून अल्बम काढतात ते झाकले जातात.

मी ज्युलियन टेलरचं उदाहरण देईन. टोरांटोचा, घरात वेस्ट इंडियन आणि मोहॉक (मूळनिवासी) असे दोन्ही वारसे. विशी-पंचविशीत 'स्टॅगर्ड क्रॉसिंग' नावाच्या रॉक बँडमध्ये होता, मोठ्या कंपनीबरोबर करार होता. तो करार संपला आणि मग वर्षानुवर्षं त्याने टोरांटोच्या बारमध्ये वाजवून घर चालवलं. पुढे 'हाउलिंग टर्टल' नावाने स्वतःचंच लेबल काढलं. २०२० मध्ये त्याचा 'द रिज' आला. ब्रिटिश कोलंबियातल्या मेपल रिजला त्याच्या आजी-आजोबांचं शेत होतं, लहानपणीचे उन्हाळे तिथे गेले, त्यांच्यावरचा हा अल्बम. साथीला नात्यातली माणसं. तो आला तेव्हा सगळीकडे टाळेबंदी, एकही कार्यक्रम शक्य नव्हता. तरी तो तोंडोतोंडी पसरला, ज्युनो या कॅनडाच्या संगीत पुरस्कारांच्या नामांकनांपर्यंत गेला. त्यानंतर २०२२ मध्ये 'बियाँड द रेझरव्हॉयर' आणि २०२४ मध्ये 'पाथवेज'.

'द रिज'चं शीर्षकगीत मी पहिल्यांदा ऐकलं ते हॉस्पिटलच्या पार्किंगमध्ये, वडिलांचे रिपोर्ट यायचे होते तेव्हा. त्यात आजोळच्या घराचं वर्णन आहे, बस्स. कुठेही सूर चढत नाही. मी गाडीतून उतरू शकलो नाही. माझ्या आजोळच्या, चिपळूणच्या ओटीवरून दिसणारा फणस मला समोर दिसत होता.

रेकॉर्डिंगचे हक्क ज्याच्या हातात तो स्वतंत्र. माझी व्याख्या एवढीच आहे.

---

सागरगोटा (हॅलिफॅक्स, नोव्हा स्कोशिया)

अनवट यांना अनुमोदन. 'बियाँड द रेझरव्हॉयर' आमच्या घरी रविवारी सकाळी लागतोच.

प्रेअरीवाल्यांनो, आमचा समुद्र विसरू नका. माझी शिफारस ओल्ड मॅन ल्यूडेकीचा 'शी टोल्ड मी व्हेअर टू गो', २०२४ चा. हा बँजोवाला आमच्या इथल्या चेस्टर गावात राहतो. दोन ज्युनो मिळवलेला माणूस. कोविडनंतर कार्यक्रमांचं गणित जमेना, तेव्हा तो खोल समुद्रात स्कॅलप काढणाऱ्या बोटीवर खलाशी म्हणून गेला. स्कॅलप म्हणजे मोठे शिंपले. बोटीवर दिवसरात्र पाळ्या असतात, शिंपले हाताने फोडून आतला गर काढायचा. कष्टाचं काम आहे. माझ्या नवऱ्याच्या ओळखीतले दोघं त्यावर आहेत, त्यांच्या बोटांकडे बघवत नाही. तिथून परत आलेल्या माणसाचा हा अल्बम. त्याच्या आधीच्या गाण्यांत बँजो पुढे असायचा. इथे तो मागे सरकलाय, आवाजही खाली बसलाय. पन्नाशीकडे झुकलेला माणूस आपल्या कलेकडे वळून विचारतो आहे की अजून आपलं जमतंय का, असं मला ऐकताना वाटत राहिलं.

आणि 'स्वतंत्र'चा विषय निघालाच आहे तर स्टॉम्पिन टॉम कॉनर्सचं नाव आलंच पाहिजे. १९३६ साली सेंट जॉनला जन्मला, प्रिन्स एडवर्ड आयलंडवर वाढला. गाताना बुटाची टाच इतकी आपटायचा की पायाखाली प्लायवुडची फळी ठेवावी लागे. बटाट्याचे ट्रक, सडबरीच्या खाणीतली शनिवार रात्र, तंबाखूची शेतं, हॉकी, या सगळ्यांवर त्याची गाणी आहेत. अमेरिकन कंट्रीचं माहेरघर नॅशव्हिल नको, अमेरिकन गावांची नावं नकोत. १९७१ मध्ये त्याने 'बूट रेकॉर्ड्स' काढलं आणि त्यावर दुसऱ्या कॅनेडियन कलावंतांच्याही रेकॉर्डी काढल्या. गिटारवादक लिओना बॉइडची पहिली रेकॉर्ड तिथलीच. १९७८ मध्ये त्याने आपले सहाही ज्युनो परत केले. अमेरिकेत जाऊन स्थायिक झालेल्यांना कॅनडाचे पुरस्कार का, असा त्याचा सवाल होता. मग दहाएक वर्षं तो गायलाच नाही.

आमच्या लोकगायक स्टॅन रॉजर्सचंही तसंच. घरचं प्रकाशन 'फोगार्टीज कोव्ह म्युझिक', त्यावर १९८१ चा 'नॉर्थवेस्ट पॅसेज'. २ जून १९८३ ला विमानाला लागलेल्या आगीत तो गेला, वय ३३. नोव्हा स्कोशियातल्या कॅन्सोला १९९७ पासून त्याच्या नावाने महोत्सव होतो. आम्ही तिथे स्वयंसेवक म्हणून जातो. मी स्वयंपाकघरात असते, कांदा चिरताना तंबूतलं गाणं ऐकू येतं.

---

जोंधळा

अनवट, तुमचा मुद्दा पोचला. शीर्षक तसंच ठेवतोय, पण एक बाजू सांगू द्या.

इथल्या गायकाला कॅनडात फिरून पोट भरणं अवघड आहे, कारण अंतरं. लेथब्रिजहून विनिपेग हजार किलोमीटरच्या पुढे आहे, आणि मधे प्रेक्षक मिळेल अशी शहरं हाताच्या बोटांवर मोजावीत. अमेरिकेची कूट्सची चौकी मात्र इथून तासाभरावर. साहजिकच सगळे दक्षिणेला बघतात. तिकडे वाजवायचं तर वादकांच्या युनियनमार्फत कलाकारांच्या पी-२ व्हिसाचे कागद काही महिने आधी घालावे लागतात, आणि १ एप्रिल २०२४ पासून त्या अर्जाचं शुल्कही वाढलं. अशा वेळी अमेरिकन लेबल पाठीशी असणं म्हणजे घरदार विकणं नव्हे. कॉर्ब वर्षानुवर्षं 'स्टोनी प्लेन' या एडमंटनच्या लेबलवर होता. होल्गर पीटरसनने १९७६ मध्ये काढलेलं, टायसनचे रँचवरचे अल्बमही तिथलेच. तिथून तो न्यू वेस्टवर गेला. पण त्याच्या गाण्यातलं गाव बदललं नाही.

कॉर्बचं आणखी एक सांगतो, कारण ते मी जवळून पाहिलं. २०२० मध्ये अल्बर्टा सरकारने १९७६ चं कोळसा धोरण रद्द केलं. रॉकीच्या पूर्व उतारावर उघड्या खाणींना वाट मोकळी होणार होती. त्याच उतारावरून आमच्या नद्या येतात. ओल्डमन नदी तिथूनच निघते, आणि माझ्या कालव्यांचं पाणी तिच्यातलं. जानेवारी २०२१ मध्ये कॉर्ब उघडपणे विरोधात बोलला. स्वतःचं २००९ चं एक जुनं गाणं त्याने अल्बर्टाच्या इतर गायकांना बरोबर घेऊन नव्याने रेकॉर्ड केलं. रँचवाले, इथले मूळनिवासी ब्लॅकफूट लोक, शहरातली मंडळी, सगळीकडून आवाज उठला आणि फेब्रुवारीत सरकारने जुनं धोरण परत आणलं. वाद तिथे मिटला नाही, पुढेही चालूच राहिला, आणि क्रोझनेस्टमधल्या पुष्कळ लोकांना खाण हवी आहे हेही खरं. तिथे माझे सहकारी राहतात, रोजगाराची त्यांची काळजी खोटी नाही. पण ज्या गायकाचा श्रोता दोन्ही बाजूंना आहे, त्याने गप्प न बसणं याला किंमत लागते.

---

विनिपेगकर

उशिरा आलो. मॅनिटोबाची हजेरी लावतो.

विल्यम प्रिन्स ऐकाच. पेगविस फर्स्ट नेशन या मूळनिवासी समाजाचा. वडील धर्मोपदेशक आणि गॉस्पेल गायक, त्यांच्याबरोबर प्रार्थनेत आणि अंत्यविधींत गात वाढला. २०१५ चा 'अर्थली डेज' त्याने स्वतः काढला होता, त्याला पुढे ज्युनो मिळाला. एप्रिल २०२३ चा 'स्टँड इन द जॉय' निर्माता डेव्ह कॉबने केलाय. लेबल 'सिक्स शूटर', शॉना डी कार्टियरने २००० मध्ये सुरू केलेलं, अजून स्वतंत्र. प्रिन्सचा आवाज इतका भरदार आहे की त्याला कधी मोठ्याने गावं लागत नाही. आधीच्या गाण्यांत दुःख जास्त होतं, ह्यात सुख आहे, आणि सुखावर लिहिणं जास्त कठीण असतं असं माझं मत.

दुसरा डेल बार्बर, २०२३ चा 'ऑल्मनॅक'. तो इंग्लिस गावाजवळ राहतो. तिथे धान्याची पाच जुनी लाकडी एलिव्हेटर (धान्य साठवायची उंच कोठारं) रांगेत उभी आहेत, राष्ट्रीय वारसास्थळ म्हणून जपलेली. प्रेअरीवर बाकी ठिकाणची बहुतेक पाडली गेली. त्याची गाणी ऐकताना मला ती पाच आठवतात.

पण मला सांगायचंय ते घरगुती मैफलींबद्दल. इथे 'होम रूट्स' (यातलं रूट म्हणजे मार्ग) नावाची संस्था आहे. मिच पोडोलॅक हा तिच्या संस्थापकांतला एक. १९७४ मध्ये विनिपेग फोक फेस्टिव्हल सुरू करणाऱ्यांतलाही तोच, २०१९ मध्ये वारला. २००७ पासून ही संस्था गायकांना घरोघरी पाठवते. गायक दोन आठवडे एका मार्गावर निघतो आणि जवळजवळ रोज संध्याकाळी कुणाच्या तरी घरी गातो. यजमान खुर्च्या मांडतो, जेवू घालतो, रात्री झोपायला खोली देतो. जमलेल्या पैशांतलं यजमान काही घेत नाही.

आम्ही तीनदा घर दिलं. पहिल्या वेळी फेब्रुवारी होता, बाहेर उणे ३१. तळघरात २६ माणसं, बूट काढून नुसत्या पायमोज्यांत बसलेली. शेजारच्या युक्रेनियन आजी पेरोगी (सारण भरून उकडलेल्या करंज्या) घेऊन आल्या, आम्ही साबुदाणा वडे केले. माईक नाही, स्पीकर नाही. गायिका पहिल्या ओळीच्या गुडघ्याला टेकेल इतकी जवळ. मधल्या वेळात तिने सगळ्यांना आपल्या गाडीचं हीटर बिघडलंय ते सांगितलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी शेजाऱ्याने ते दुरुस्त करून दिलं. त्या रात्री तिच्या एकोणीस सीड्या गेल्या. ज्यांच्याकडे सीडी वाजवायचं यंत्रच नाही त्यांनीही घेतल्या.

---

एकतारी

विनिपेगकर, हे वाचून फार बरं वाटलं. आमच्या सोसायटीत गच्चीवर असं काही करता येईल का, असा विचार चालू झालाय.

'द रिज' आणि 'एल व्हिएहो' दोन्ही विकत घेतले. माझ्या आयुष्यातली संगीताची ही वीस वर्षांतली पहिली खरेदी. शेवटची कॅसेट अलका टॉकीजजवळच्या दुकानातून घेतली होती.

कॅनडात रेडिओवर स्थानिक गाणी लावायची सक्ती आहे असं ऐकलंय. त्याचा फायदा या लोकांना होत नाही का?

---

अनवट

सक्ती आहे. १९७१ पासून. सुरुवातीला ३० टक्के, आता लोकप्रिय संगीताच्या स्टेशनांना ३५. गाणं कॅनेडियन ठरवायला चार निकष : संगीत, मुख्य गायक, सादरीकरण कुठे झालं, आणि शब्द. चारांपैकी दोन जुळले पाहिजेत. यातून गंमतशीर पेच झाले. १९९१ मध्ये ब्रायन अ‍ॅडम्सचा अल्बम नियमात बसला नाही, कारण गाणी त्याने एका परदेशी निर्मात्याबरोबर मिळून लिहिली होती. मग नियम थोडा बदलला.

फायदा झाला, नाही कशाला म्हणू? हा नियम नसता तर कॅनडात रेकॉर्डिंगचा धंदाच उभा राहिला नसता. १९८२ पासून 'फॅक्टर' ही संस्था रेडिओ कंपन्यांच्या आणि सरकारच्या पैशातून अल्बमना मदतही देते. पण नियम एवढंच सांगतो की गाणं कॅनेडियन हवं. ते कुणाचं, हे स्टेशन ठरवतं, आणि ती तेच पाच-सहा मोठे चेहरे फिरवत राहतात. ज्युलियन टेलर त्या ३५ टक्क्यांत कितीसा येतो? म्हणून सीकेयूए, विद्यापीठांची छोटी केंद्रं आणि सीबीसी या राष्ट्रीय प्रसारण संस्थेचे काही कार्यक्रम यांच्यावर सगळी भिस्त.

आणि एक मोठी जागा या धाग्यात अजून रिकामी आहे. मूळनिवासी गायकांना कंट्री नवीन नाही. पिढ्यान् पिढ्या ते फिडल आणि गिटार वाजवत आलेत, पण दुकानांत त्यांची रेकॉर्ड वेगळ्या कप्प्यात. २०२१ मध्ये अमांडा रिओम या मेटी (मूळनिवासी आणि युरोपीय अशा मिश्र वंशाच्या समाजातल्या) गायिकेने आणि 'डिगिंग रूट्स' या बँडच्या शोशोना किशने मिळून 'इशकोडे रेकॉर्ड्स' सुरू केलं. मूळनिवासी स्त्रियांच्या मालकीचं लेबल. रिओमचा 'द स्पेसेस इन बिटवीन' २०२२ चा, मेटी लोकांच्या इतिहासावर, ऐकायला साधा कंट्री-फोक. त्याच वर्षीचा डिगिंग रूट्सचा 'झावेनिम', त्याला २०२३ चा ज्युनो.

काया केटरचा 'स्ट्रेंज मेडिसिन' (२०२४) सुद्धा घ्या. माँट्रियलची, वडिलांकडून ग्रेनेडाची. तिच्या हातात बँजो आहे आणि बँजोची मुळं आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांच्या वाद्यांत आहेत, हे ती विसरू देत नाही. तिने गाण्यांना तंतुवाद्यांचे आणि फुंकवाद्यांचे असे थर दिलेत की पहिल्या ऐकण्यात बँजो सापडतच नाही. मला तीनदा ऐकावा लागला. तिसऱ्यांदा सगळा उलगडला.

---

खडीसाखर (ग्वेल्फ, ऑंटारिओ)

वाचनमात्र असते, पण आमच्या गावासाठी लिहिते. निकोलेट अँड द नोबडीज, अल्बम 'द लाँग वे', २०२४. अस्सल हाँकी-टाँक, म्हणजे बारमध्ये वाजायची ती जुनी कंट्री, पेडल स्टील गिटारसकट. निकोलेटचा आवाज ऐकून माझी आठ वर्षांची मुलगी म्हणाली, "आई, ही बाई भांडतेय पण छान भांडतेय."

---

रानजाई (छत्रपती संभाजीनगर, मूळ गाव परभणी जिल्ह्यात)

मला कंट्री संगीतातलं काही कळत नाही. जोंधळा यांचं 'पर्पल गॅस' वाचलं आणि थांबले.

आमच्याकडे निळं रॉकेल होतं. कंट्रोलच्या दुकानातलं. सरकारी भावाचं रॉकेल बाहेर विकू नये, डिझेलमध्ये मिसळू नये, म्हणून त्यात निळा रंग. आमच्या गल्लीत कुणाच्या बाटलीत काय रंग आहे त्यावरून घर कळायचं. पांढरं रॉकेल म्हणजे दुकानातून पूर्ण भावाने आणलेलं, ते मास्तरांकडे आणि किराणावाल्याकडे. आम्ही निळ्यातले. महिन्यातून एकदा पाटी लागायची, "रॉकेल आले आहे", की आई मला शाळेतून बोलावून रांगेत उभं करायची. पाच लिटरच्या पांढऱ्या कॅनमधून तो निळा रंग बाहेरून दिसायचा. मी तो ओढणीखाली झाकून आणायचे.

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, कारण त्यात सांगण्यासारखं काही आहे असं वाटलंच नव्हतं. त्या मुलीने तिच्या जांभळ्या पेट्रोलचं गाणं केलं. काल रात्री मोबाइलवर ऐकलं. इंग्रजी निम्मंच कळलं. पण ती लाजत नाहीये, एवढं नक्की कळलं.

---

जोंधळा

रानजाई, सकाळी कामावर निघण्याआधी तुमचा प्रतिसाद वाचला आणि गाडी सुरू करायला दहा मिनिटं उशीर केला. माझंही फलटणचं घर निळ्यातलंच होतं. नोलीनचं ते गाणं मी पन्नासदा ऐकलं असेल, आणि जांभळ्याला निळं जोडायचं मला सुचलं नाही.

---

सागरगोटा

रानजाई, लिहा हो. इथेच लिहा, वेगळा धागा काढा. मी वाचायला बसलेय.

---

रानजाई

आज आईशी फोनवर बोलले. तिला विचारलं, निळं रॉकेल आठवतं का. ती म्हणाली, रंग हाताला लागत नव्हता पण वास जात नव्हता. राखेने हात घासून मग पीठ मळायची. तरीही बाबांना पहिल्या भाकरीला तो वास यायचा, म्हणून पहिली भाकरी ती स्वतःच्या ताटात ठेवायची. हे मला आजच कळलं.

मग तिने मला एक विचारलं, ते तुम्हाला विचारते. जोंधळा, तिकडच्या त्या जांभळ्या पेट्रोलचा वास साध्यापेक्षा वेगळा येतो का?

---

जोंधळा

मला माहीत नाही, रानजाई. गुरुवारी टेबरजवळ एका बीटवाल्याच्या शेतावर पाण्याची पाळी बघायला जायचंय. त्याच्या कोठारामागे टाकी आहे. त्याला विचारतो, त्याच्या बायकोलाही विचारतो, आणि इथे कळवतो.